चार्जयादीतली आई

ताब्यात घेतल्याशिवाय एखाद्यावर माया करता येते, हे आमच्या शेजारच्या काकांना अखेरपर्यंत पटलं नाही. नायब तहसीलदार माणूस! बांगडे घ्यायचे तरी दोन पंच उभे करायचे, आणि त्यातला एक पंच हटकून मी. आमच्याकडच्या सत्यनारायणाला तर त्यांनी पाहुण्यांच्या चपलांची यादी केली आणि "मागाहून तक्रार नको" म्हणून खाली माझी सही घेतली. मी जाम वैतागायचो. आता सही मागायला कोणी येत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई रत्नागिरीतल्या एका खाजगी इस्पितळात ऑक्सिजनवर होती. एका सकाळी मालकांनी हात वर केले: ऑक्सिजन संपत आलाय, आपापले पेशंट घेऊन जा. कुठे न्यायचं? कोल्हापूरपर्यंत आईनं दम धरला नसता. दुपारी जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम निघाला की, आपत्तीच्या कायद्याखाली इस्पितळ सरकारच्या ताब्यात, एकही रुग्ण हलवायचा नाही. आणि चार्ज घ्यायला आले कोण, तर काका! पांढऱ्या किटमध्ये घामानं निथळत, काखेत रजिस्टर. संध्याकाळच्या आत सिलिंडरचा ट्रकही आला.

खाटा, पंखे, सिलिंडर सगळं चार्जयादीत चढवून झालं, तसे काका खाली रुग्णांची नावं लिहू लागले. डॉक्टर म्हणाले, "अहो, माणसं कशी यादीत?" काका भडकले, "मग काय पंखे वाचवायला आलोय होय मी?"

त्या दिवसापासून रोज सकाळी सातला हजेरी. मी खिडकीबाहेरून बघायचो. ज्याला बोलवत नसे त्यानं बोट वर करायचं. दोन नावांना उत्तर आलं नाही, त्या दिवशी काका जेवले नाहीत. एकदा आईचं बोटही हलेना. काका खाटेपासून हटेनात. "वहिनी, यादीत एक कमी भरलं तर खुलासा मला द्यायचाय हो!" आई मागाहून सांगायची, "बिचाऱ्याची नोकरी जाईल म्हणून उचललं हो बोट."

इस्पितळ मालकांना परत गेलं, काका निवृत्त झाले, पण आईचं नाव काही त्यांनी यादीतून कमी केलं नाही. रोज सकाळी दूध घेऊन येताना दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून हाक, "काय वहिनी, हजर?" स्वयंपाकघरातून आई, "हजर हो भावजी!"

शिमगा झाला आणि काका गेले. फार आठवण येते हो त्यांची. सात वाजले की मी उगाच गडग्याशी रेंगाळतो. काल गेलो, तर आई आधीच तिथं उभी. पलीकडचं दार बंद. तिनं नुसतं एक बोट वर केलं आणि चहा टाकायला आत गेली.