गाड्यांची तोंडं बाहेर

आमच्या ताईला घरात सगळे चौकशी खिडकी म्हणतात. भावजी अजून सांगतात, पहिल्या भेटीत तिने त्यांचं नाव विचारायच्या आधी त्यांचं घड्याळ पुढे का, हे विचारलं होतं. अशा बाईला पार्सल कंपनीने विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगची आखणी सोपवली. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला.

कुठली गाडी कधी परतते, कुणाची फेरी लांबची, सगळ्या एकदम जोडल्या तर वीज पुरेल का, हे तिने ड्रायव्हरांचं डोकं खाऊन काढलं. मागच्या भिंतीलगत चार्जिंगचे खांब सिमेंटात पक्के बसले. तिची ही पहिलीच स्वतंत्र आखणी होती आणि ती जमिनीपासून दोन बोटं वर चालत होती.

चाचणीच्या संध्याकाळी गाड्या आल्या, वळल्या आणि पाठ भिंतीला, तोंड फाटकाकडे करून उभ्या राहिल्या. चार्जिंगची जोडणी गाडीच्या नाकाशी. केबल तिथवर पोचेना. जगाला प्रश्न विचारणाऱ्या ताईने, गाड्या उभ्या कशा करता, हे तेवढं विचारलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "उद्यापासून तोंडं भिंतीकडे. तसा हुकूम काढा. खांब उखडायचे असतील तर आखणी करणारं माणूसही बदलू."

हुकूम तयार झाला. फक्त ताईची सही राहिली होती, पण तिला राहवेना. "उलट्या का लावता?" ती एकेकाला विचारत सुटली.

"शिस्त आहे, मॅडम."

"पहिल्या दिवशी सरळ लावली तर शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून उलटीच लावतो."

खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ती मला ओढत आवाराच्या निवृत्त मुकादमांच्या घरी घेऊन गेली. त्यांनी काठी टेकत दार उघडलं. तिने उंबऱ्यातच विचारलं.

"आधी सरळच लावायचो," ते सावकाश खुर्चीत बसत म्हणाले. "सकाळी घाई. सगळे एकदम गाड्या मागे घ्यायचे. एकाला मागचं दिसलं नाही. मागे मी होतो." त्यांनी आखडलेल्या पायावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांची तोंडं बाहेर होती. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं."

ताईने पुढचा प्रश्न विचारला नाही. मला तिची काळजीच वाटली.

सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. "खांब पुढे घ्यावे लागतील, दोन गाड्यांच्या मधे. चूक माझी आहे. पण या हुकमावर मी सही करणार नाही." साहेब भडकले. मग तिने मुकादमांचं सांगितलं. साहेब खिडकीशी गेले आणि आवाराकडे बघत म्हणाले, "फोडा सिमेंट." बोलणी तिने पुढेही पुष्कळ खाल्ली, पण नोकरी राहिली.

खांब हलवल्यानंतरच्या पहिल्या सकाळी तिने मुकादमांना बोलावून घेतलं. सगळ्या गाड्या पूर्ण चार्ज झालेल्या, तोंडं फाटकाकडे. ते काठी टेकत आत आले, आवार न्याहाळलं आणि हळूहळू चालत जाऊन गाड्यांच्या मागे, भिंतीपाशी उभे राहिले. ड्रायव्हरांनी गाड्या सुरू केल्या. मुकादमांनी मान वळवूनही पाहिलं नाही.