उद्याताईचा खांदा

खुर्ची कधी मिळेल, असं कुणी विचारलं की ती मान वर न करता म्हणायची, "उद्या." त्यावरून गल्लीनं तिला उद्याताई म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. जुन्या खुर्च्या नि सोफे उसवून नव्यानं भरून द्यायचं तिचं दुकान होतं. एक लांबट खोली, मधोमध कामाची फळी, भिंतीला टेकवलेल्या फोमच्या लाद्या आणि जमिनीवर कायम सांडलेले बारीक खिळे. तिचा उशीर आळसातून आलेला नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, वरचं कापड तेवढं बदला. ही कापड काढायची, मग खालचा काथ्या, मग स्प्रिंगा, मग त्यांच्याखाली ताणून ठोकलेले पट्टे, आणि शेवटी लाकडी सांगाडा हलवून बघायची. कुठे कुरकुरलं तर आधी तो सांधा. शेजारच्या औषधवाल्याची आरामखुर्ची तिच्याकडे इतके महिने होती, की तो आता स्टुलावरच बसायला शिकला होता.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. त्याचा हॉर्न ऐकून लोक घड्याळं लावत. "एक घोडा नि एक गोगलगाय, एकाच गाडीला जुंपलीत," असं तिची सासू म्हणायची. सासूचा जीव दोघांवरही होता, फक्त तोंडाला कुलूप नव्हतं.

कामातला उशीर लोक चालवून घेत. पण उद्याताई स्वतःच्या दुखण्यालाही उद्याच सांगायची. पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. त्यानंतर अंगात कणकण राहिली, ओटीपोट दुखत राहिलं. डॉक्टरकडे जायला हवं हे तिलाही कळत होतं, पण एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम अंगावर होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिनं ताप अंगावर काढला आणि तो गेला. निदान गेला असं तिला वाटलं. आत जंतुसंसर्ग झाला होता आणि तो आपल्या खुणा मागे ठेवून गेला होता, हे कळायला पुढची काही वर्षं जावी लागली.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा गर्भ गर्भाशयापर्यंत पोचलाच नाही. वाटेतच, उजव्या गर्भनळीत अडकला आणि तिथेच वाढू लागला. तिला जाणवत होतं ते एवढंच, की पोटात एका बाजूला खुपतंय आणि उजवा खांदा ठणकतोय. खांदा तर या धंद्यात ठणकणारच. पट्टा जीव खाऊन ताणायचा, एका हातानं धरायचा, दुसऱ्यानं खिळा ठोकायचा, हे ती लग्नाआधीपासून करत होती. संध्याकाळी सासूनं तेल कोमट करून खांदा चोळून दिला. चांगला दाबून, मायेनं. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्याताई दुकानात फोमच्या लाद्यांवर कोसळली. नळी फुटली होती. पोटात साचलेलं रक्त वर छातीखालच्या पडद्याला टोचत होतं आणि कळ खांद्यात येत होती. डॉक्टरांनी नळी काढून टाकली आणि जीव वाचवला. खांद्याचा हा उलगडा ऐकल्यावर सासूनं घरी येऊन तेलाची बाटली कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी ठेवून दिली.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाई तिघांना घेऊन बसल्या. सासूनं आधीच निकाल लावून टाकला होता. किडका दात काढला की ठणका संपला, आता कसली भीती?

"एकच दात किडला असता तर गोष्ट वेगळी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्या जंतूंनी ती नळी खराब केली, ते दुसरीला सोडून गेले असतील असं मला सांगता येत नाही."

मग त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. डावी नळी बाहेरून बरी दिसत होती, पण आत चट्टे आहेत का हे बाहेरून कळत नाही. एकदा असं झालेल्या बाईला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो. साधारण दहातल्या एकीला होतं. नळी काढली तरी गर्भाशयाला जोडलेला तिचा बुडखा राहतो, आणि क्वचित गर्भ तिथेही रुजतो. वय पस्तिशीच्या पुढे गेलं की धोका अजून थोडा चढतो. सिगारेट ओढता का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बरं झालं, नाहीतर पहिली तीच सोडायला सांगितली असती. आणि दहातल्या नऊजणींचं ठीक होतं, हेही लक्षात ठेवा.

"तुमच्या हातात एक गोष्ट आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "दिवस राहिल्याची शंका आली की तपासायचं आणि लगेच यायचं. उद्या नाही."

हिला आपलं नाव कुणी सांगितलं, अशा नजरेनं उद्याताईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

पुढे दोन वर्षांनी एका सकाळी ती औषधवाल्याकडे गेली आणि तपासणीची पट्टी मागितली. "खुर्ची उद्या, आणि पट्टी मात्र आत्ता?" तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्यानं पट्टी गुमान कागदात गुंडाळून दिली आणि खुर्चीचं नाव काढलं नाही.

पट्टीवर दुसरी रेघ उमटली, तीही उजेडाकडे तिरकी धरली तर दिसेल इतकी फिकट. पाळीची तारीख अजून उलटलीही नव्हती. उद्याताई तशीच, हाताला काथ्याची धूळ घेऊन नवरा नि सासूबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भाशय रिकामं होतं. नळीतही काही दिसत नव्हतं.

"म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे तुम्ही फार लवकर आलात."

नवऱ्याला हसू आवरेना. उभ्या आयुष्यात हे वाक्य तिला कुणी ऐकवलं नव्हतं. पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत. एवढ्या लवकर गर्भ कुठे आहे हे दिसतच नाही. गर्भाशयात असेल किंवा नळीत असेल. त्यांनी रक्त तपासलं, दोन दिवसांनी पुन्हा तपासलं. दिवस राहिल्यावर रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाचा आकडा हवा तसा चढला होता. चांगली गोष्ट, पण तेवढ्यानं खात्री होत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढची सोनोग्राफी त्यांनी थोड्या दिवसांनंतरची दिली, आणि मधल्या काळात पोटात एका बाजूला दुखलं, चक्कर आली, रक्त गेलं किंवा खांदा दुखला तर क्षणभर थांबायचं नाही असं बजावलं.

खांदा म्हटल्यावर सासूनं मान खाली घातली.

त्या दिवसांत सासू रोज दुकानात येऊन बसू लागली. निमित्त उसवायचं. म्हातारी जुन्या कापडाचे टाके काढायची, खिळे डब्यात वेचायची आणि चष्म्याच्या वरून सुनेवर नजर ठेवायची. जड उचलू नकोस, वाकू नकोस, ती हातोडी खाली ठेव. शेवटी उद्याताई म्हणाली, आई, तुम्ही उसवायला आलात की मला शिवायला? सासू म्हणाली, तुझं तू बघ, मी माझं बघते.

सोनोग्राफीला दोन दिवस उरले असताना उद्याताई औषधवाल्याच्या खुर्चीचे पट्टे ठोकत होती. हे काम निदान सांगितल्या दिवशी द्यायचं तिनं मनाशी धरलं होतं. अर्धे पट्टे झाले आणि तिनं उजवा खांदा गोल फिरवला. मग पुन्हा फिरवला.

सासूच्या हातातला खिळा डब्यात पडला नाही.

"दुखतोय?"

"काही नाही. सकाळपासून पट्टे ताणतेय."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

"आई, चारच राहिलेत. एवढे झाले की जाऊ. नाहीतर उद्या..."

"चप्पल घाल," सासू म्हणाली.

उद्याताईनं हातोडी खाली ठेवली. एक पट्टा एका बाजूनं ठोकलेला, दुसऱ्या बाजूनं लोंबता. आजवर काम असं सोडून ती कधी उठली नव्हती. औषधवाल्यानं दोघींना लगबगीनं जाताना पाहिलं, स्वतःच टॅक्सी थांबवली आणि दार धरून उभा राहिला.

टॅक्सीत सासूनं तिचा हात मांडीवर घेतला होता. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "मी दाबून चोळलं होतं गं त्या दिवशी."

"माहितेय," उद्याताई म्हणाली. "त्या दिवशी तेवढंच एक बरं वाटलं होतं मला."

डॉक्टरबाईंनी आधी पोट तपासलं, मग तिला पडद्यासमोर निजवलं. सासू पडद्याकडे न बघता डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. काळ्या-करड्या ठिपक्यांतून एक छोटं वर्तुळ वर आलं, आणि त्याच्या आत अजून एक बारीक, गोल.

"हे गर्भाशय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि हा गर्भ त्याच्या आत."

"आत म्हणजे?" सासू म्हणाली. "घरात?"

"घरात."

ठोका दिसायला अजून काही दिवस लागतील आणि तोवर सगळं पार पडलं असं समजू नका, हेही त्यांनी सांगितलं. मग उजवा खांदा दोन बोटांनी दाबला तशी उद्याताई कळवळली. हा निव्वळ स्नायूचा ठणका होता, पट्ट्यांचा. उगाच त्रास दिला, असं ती पुटपुटली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाच त्रास द्यायला तर सांगितलं होतं.

निघताना सासू दारात अडखळली. खांद्याला तेल चोळलं तर चालेल का, असं तिनं विचारलं. चोळा की, डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर पिवळी बस उभी होती. औषधवाल्याचा फोन आल्यावर, शेवटचं पोर घरी सोडून नवरा तसाच आला होता. "उशीर झाला," तो म्हणाला. दोघींचे चेहरे पाहून पुढचं विचारायची गरज त्याला उरली नाही, तरी त्यानं विचारलं, दोनदा. मग तिघं त्या रिकाम्या बसमध्ये, मुलांच्या बुटक्या बाकांवर बसून घरी आली.

घरी आल्यावर सासूनं त्याला स्टूल आणायला सांगितलं. वरच्या फळीवरून बाटली खाली आली, धुळीनं माखलेली. सासूनं ती पदरानं पुसली, तेल वाटीत काढून कोमट केलं आणि सुनेच्या मागे बसली. हात खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"दाबू?" तिनं विचारलं.

"दाबा, आई," उद्याताई म्हणाली. "चांगलं दाबा. उद्या खुर्ची द्यायचीय."