जावांचे दोन काठ

थोरल्या जावेला धाकटीचं काही म्हणून बघवत नसे, आणि नशीब असं की दिवसभर तेच बघावं लागे. नदीकडेचा पट्टा राखायचं काम दोघींना एकदमच लागलं: अलीकडचा काठ थोरलीचा, पलीकडचा धाकटीचा. पट्ट्यात घर बांधायचं नाही, नांगर घालायचा नाही, राडारोडा टाकायचा नाही. टाकलाच, तर या दोघींच्या तोंडी लागायचं.

थोरलीचा काठ लख्ख. वाळुंजाची झाडं ओळीत, तिनं हातानं पाणी घालून वाढवलेली. धाकटीचा काठ अर्धा ढासळलेला, मातीची नुसती उघडी भिंत. ती बया हात लावेल तर शपथ! आणि खंड्या पाखराच्या जोडीनं भोक पाडून घर केलं ते नेमकं त्या भिंतीत. पट्ट्याच्या पाहणीला खात्याचे साहेब आले, तेही दुर्बीण घेऊन तिकडेच. "असा काठ पाहिजे," म्हणाले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाखरांचीसुद्धा लाडकी तीच," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, त्यांना काय कळतंय थोरली कोण नि धाकटी कोण," नवरा म्हणाला, आणि रात्रीचं जेवण आठवून गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी तिनं पहार घेतली. वाळुंजांखाली, काठाच्या पोटात, हात जाईल एवढी भोकं पाडली, तीही ओळीत. खंड्या काही आला नाही. नदी मात्र चढली, भोकांत शिरली आणि काठ झाडांसकट खाली बसला. थोरली ढसाढसा रडली. "पाण्यानं नेला," एवढंच सगळ्यांना सांगितलं. धाकटीनं येऊन तिचे डोळे पुसले, ते तिला झाडांपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या वर्षी धाकटीची भिंत गवतानं भरली. खंड्यांनी बिऱ्हाड हलवलं, थोरलीच्या ढासळलेल्या काठात. साहेब अलीकडे आले. थोरलीनं त्यांना चहा पाजला आणि पलीकडे ऐकू जाईल अशी हसली.

संध्याकाळी पलीकडून धपधप आवाज आला. धाकटी पहारीनं आपल्या काठाला भोकं पाडत होती. वर तिचं जुनं झाड, ज्याच्या सावलीत ती रोज डबा खायची, आणि ती उभी ऐन त्याच्या खाली.

गप्प बसावं, असं थोरलीला फार वाटलं. मग तिच्याच्यानं राहवेना.

"अगं, नको! भोकं पाडलीस तर काठ अंगावर येईल!"

पहार थांबली.

"तुम्हाला कसं ठाऊक, जाऊबाई?"