बारा गाठींची सुतळी

पिठाच्या डब्यामागे मी एक सुतळी ठेवली आहे. हातभर लांब, धुराने काळी पडलेली, वरच्या टोकाला एकच घट्ट गाठ. घरात कुणी विचारलं तर म्हणते, असू दे, कशाला तरी लागेल. ती कशालाच लागणार नाही. ती माझ्या सासऱ्यांची आहे, आणि तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही, म्हणून वहीत लिहिते आहे.

लग्न होऊन कागलजवळच्या या गावात आले तेव्हा नव्वद साल नुकतंच सरलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. आमचे मालक कोल्हापुरात फौंड्रीत कामाला, सुट्टीच्या वारी घरी येणार. बाकी घरात मामंजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि मी. रोज घरात असणाऱ्या तिघांत वाचता येणारी मी एकटी.

सुनेने मामंजींसमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, अशी या घरची रीत होती. काही सांगायचं असलं तर आत्याबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगणार. मला त्याचा जाच वाटला नाही. मी लहानपणापासून बुजरी. मला तर आडोसा मिळाल्यासारखं झालं.

मामंजी तित्तरं धरायचे. गावामागे मोठा माळ होता, कुसळीचा आणि बोरीच्या झुडपांचा. त्यांनी एक नर पाळला होता. सकाळी त्याचा पिंजरा फडक्याने झाकून काखेत घ्यायचा, माळावर नेऊन ठेवायचा, भोवतीनं फासे मांडायचे आणि बोरीआड बसायचं. पाळलेला नर ओरडला की माळावरचा चवताळून त्याच्याशी भांडायला यायचा आणि फाशात पाय अडकवून घ्यायचा.

पूर्वी त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती आणि शिकारीचा सरकारी परवाना होता. बंदूक केव्हाच जमा झालेली. परवाना मात्र पत्र्याच्या डबीत घडी घालून ठेवलेला असायचा. तो देताना कुणा साहेबाने त्यांना समोर बसवून नियम समजावला होता, आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही. एका दिवसात सहा तित्तरं. आणि घरात, केव्हाही मोजली तरी, बारा.

एकदा आत्याबाईंचे भाऊ गारगोटीहून आले होते. जेवताना त्यांनी चेष्टा लावली.

"दाजी, दिवसाला सहा म्हंजे हप्त्याला बेचाळीस झाली की! दुकानच काढूया."

"आज सहा," मामंजी म्हणाले, "उद्या सहा. झाली बारा. परवा माळावर जायाचंच न्हाय."

"आन् एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी बारा आणायची व्हय?"

"का म्हणून? कालचा दिवस गेला, त्येची सहा त्येच्यासंगं गेली."

"बरं, घरात बारा झाली. मग मी चार न्हेली गारगोटीला, तर?"

"मग ती तुझ्या घरची झाली. पर तुझ्या घरात आधी किती हायत, ते इचारून दीन मी."

भाऊ हसता हसता खोकायला लागले. मग पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाले, "आन् ह्यो गडी? ह्यो कुणाच्यात मोजायचा?"

"त्यो काय गोठ्यात ऱ्हातोय? घरातच हाय की. त्येच्यामुळं तर आमास्नी अकराच मिळत्यात."

"ऐका! सरकारलाबी एवढं ठावं नसंल!"

मी दाराआड पदर तोंडाला लावून हसत होते. त्या दिवशी मला तो नियम समजला.

मोजणी त्या सुतळीवर असायची. ती चुलीजवळच्या खुंटीला टांगलेली. पाखरू घरात आलं की मामंजी एक गाठ मारायचे. ते शिजून ताटात गेलं, किंवा कुणाला दिलं, की ती गाठ मी सोडायची. पिंजऱ्यातल्या नराची गाठ सगळ्यात वर. ती कधी सुटायची नाही. पहिल्याच महिन्यात माझ्याकडून एकाच्या जागी दोन गाठी सुटल्या. मामंजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी एक गाठ परत मारून ठेवली होती.

मग एकदा भाकरी भाजताना माझी दोन बोटं पोळली. मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून खालच्या गाठी सैल मारलेल्या असायच्या, नुसतं टोक ओढलं की सुटावं अशा. बोटं बरी झाली तरी मामंजींनी गाठी सैलच ठेवल्या. माझ्या वडिलांनीसुद्धा कधी माझी इतकी काळजी घेतली नव्हती. त्या माणसाचा आवाज मी फक्त दाराआडून ऐकला होता, पण सुतळीवरून आमचं रोज बोलणं व्हायचं असं मला वाटायचं. सकाळी उठले की पहिल्यांदा मी खुंटीकडे बघायची.

पुढे माळ मोजायला माणसं आली. पांढरे रंगवलेले दगड रोवले, मुरमाचे रस्ते पडले. एमआयडीसी येणार, पोरांना नोकऱ्या लागणार, म्हणून गाव खूश होतं. आमचे मालकही खूश होते. तित्तरं मात्र कमी झाली. एका सकाळी मामंजी रिकाम्या हाताने आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "आजपास्नं दिवसाला दोन. घरात चार, ह्यो धरून."

"सरकारचा कागद आला व्हय?"

"कागद कशाला पायजे? माळ केवढा ऱ्हायलाय, दिसत न्हाय का तुला?"

बारा गाठींची सुतळी चारावर आली. काही आठवडे तर वरची एकच गाठ असायची. तरी मामंजी जात राहिले. मला वाटतं त्यांना धरायची हौस राहिली नव्हती. पाळलेल्याला माळ दाखवून आणायचे, एवढंच.

त्याच सुमारास दूध संस्थेच्या भिंतीवर एक पत्र्याचा बोर्ड लागला. मी रोज सकाळी किटली घेऊन तिथे रांगेत उभी राहायची. हळदीच्या रंगाचा बोर्ड, त्यावर काळी अक्षरं. वन्य प्राणी व पक्षी यांना मारणे, पकडणे किंवा जवळ बाळगणे गुन्हा आहे. खाली चित्रं होती. मोर होता, ससा होता आणि तित्तर होतं. मला वाचायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी अर्धा वाचला, रांग पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी उरलेला वाचला. नंतर रोज वाचत राहिले, रोज तेच लिहिलेलं असायचं.

'जवळ बाळगणे' या दोन शब्दांशी येऊन मी अडायची. आणि मनाची समजूत घालायची, की बाळगणे म्हणजे जास्तीचं बाळगणे असणार. आपल्या मामंजींना तर ठरवून दिलेलं आहे, आणि ते त्याच्याही आत आहेत. जिथपर्यंतची मर्यादा दिलेली असते तिथपर्यंत सूटच असते, असं मी धरून चालले. चौथी शिकलेल्या बाईचं डोकं ते केवढं. पण पुरतं खरं लिहायचं तर डोक्याचा दोष एवढाच नव्हता. आतून मला कळलं होतं. पण पाखरं थांबली तर सुतळी थांबणार होती, आणि सुतळीशिवाय त्या घरात माझ्याशी बोलणारं कोण होतं?

तरी एकदा मी धीर केला. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. मामंजी सोप्यात बसून पिंजऱ्यातल्याला वाळवी चारत होते. मी चहा ठेवला आणि तिथेच थांबले.

"मामंजी..."

त्यांनी मान वर केली. सुनेने हाक मारलेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. ते गोंधळले, पण आवाज मऊ होता. "काय गं पोरी?"

"चहा," मी म्हणाले, आणि आत पळाले.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. दुपारी वनखात्याची जीप गावातून चालली होती. आमच्या दाराजवळ ती हळू झाली आणि नेमका आमचा नर ओरडला. आधी हळू, मग चढत चढत, माळावर ओरडायचा तसा. जीप थांबली.

मामंजींना वाटलं, पाहुणेच आले. "या पावणं, बसा," म्हणाले. साहेब तरुण होता, चांगला बोलत होता. त्याने विचारलं, पक्षी कुणाचा. मामंजी हसले, डबीतून परवाना काढून त्याच्या हातात दिला. मग आत येऊन खुंटीची सुतळी घेतली आणि त्याच्यासमोर दोन्ही हातांत ताणून धरली.

"मोजा सायेब. ही दोन चुलीपाशी टोपलीत हायत, आन् ह्यो एक. तीन. मला बारा लागू हायत, पर मीच चारावर आणल्यात. एकबी जास्त न्हाय. तीस वर्सांत कधी झालं न्हाय."

साहेब त्या कागदाकडे बघत राहिला. "आजोबा, हा परवाना केव्हाच रद्द झाला. कायदा बदलला."

"बरं. मग आता किती?"

"एकही नाही."

"दिवसाला?"

"दिवसालाही नाही, घरातही नाही."

मामंजींनी सुतळी खाली केली. "आमास्नी कुणी सांगितलं न्हाय, सायेब."

मी दाराआड उभी होते. चौकट धरलेला माझा हात अजून मला दिसतो.

टोपलीतली दोन आणि पिंजरा जीपमध्ये गेला. मामंजींनाही नेलं. दिवस मावळायच्या आत सोडलं, पण केस झाली आणि पुढे वर्षभर तारखा चालल्या. तारखेला जाताना ते धुतलेलं धोतर नेसायचे, फेटा बांधायचे. येताना फेटा काखेत असायचा. गावात लोक चेष्टा करायचे, 'तित्तरचोर' म्हणायचे. कुणी तोंडावर, कुणी माघारी. ज्या माणसाने एक पाखरू जास्त होतं म्हणून ते परत माळावर नेऊन सोडलेलं मी बघितलं होतं, त्याला.

जीप आल्याच्या चौथ्या दिवशी माझ्या अंगात ताप होता, म्हणून दूध घालायला मामंजी गेले. तिथे सेक्रेटरी त्यांना म्हणाला, आणि हे मला पुढे आत्याबाईंकडून कळलं, "म्हातारबा, कुणी सांगितलं न्हाय कसं म्हंता? बोर्ड हाय की भिंतीवर. तुमची सून रोज वाचत उभी असती, किटली सांडंस्तवर."

मामंजी घरी आले. किटली ठेवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी, तू वाचलं हुतंस?"

माझा पदर खांद्यावर होता, तो सावरायचंही सुचलं नाही.

"व्हय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आत्याबाईंनी नंतर माझा उद्धार केला, 'मुकी आणली घरात, घर बुडवलं' म्हणाल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. मामंजी एवढंच म्हणाले, "सांगायचं की गं."

आणि गेले. सुतळी त्यांनी परत खुंटीला अडकवली होती. खालच्या दोन गाठी त्यांनीच सोडल्या होत्या. वरची तशीच होती.

त्यानंतर तीन वर्षं ते होते. माझ्या हातचं जेवत होते. पण माझ्याकडे बघून काही म्हणत नव्हते, आणि सुतळीवरही काही नव्हतं. आमच्या मालकांनी साहेबाला विचारून आणलं होतं, की नर राधानगरीकडच्या रानात सोडला. मामंजी ऐकून म्हणाले, "त्येनं कोल्हं बघितल्यालं न्हाय. हाक मारली की समोर भाकर येती एवढंच त्येला ठावं." त्यानंतर त्यांनी पाखराचं नाव काढलं नाही. माळावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या, मालकांची नोकरी तिकडे आली, घरात टीव्ही आला. मामंजी सोप्यात पिंजऱ्याच्या जागेजवळच बसायचे. तिथे जमिनीवर पिंजऱ्याचा गोल वण होता. मी सारवताना तेवढं सोडून सारवायची.

शेवटी ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर डोळे मिटूनच म्हणाले, "सुतळी हाय का गं?"

मी खुंटीवरून आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटं फिरवत फिरवत वर नेली, गाठ लागेपर्यंत.

"त्येला आपण खाल्लं न्हाय."

"न्हाय, मामंजी."

"कुणाला दिलंबी न्हाय."

"न्हाय."

"मग सुटत न्हाय ही," असं म्हणून त्यांनी सुतळी माझ्या हातात परत दिली आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. आत्याबाई परसात होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. तीन वर्षं जे बोलायचं होतं ते सगळं माझ्या ओठांवर आलं. आधीचंही आलं, बोर्डाचं, चहाच्या दिवसाचं, सैल गाठींचंही. ते थांबले होते. मला कळत होतं की ते थांबले आहेत.

"पाणी देऊ?" मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मी पाणी पाजलं.