चांगुणाचा मणका

लातूर जिल्हा वेगळा झाला, तशी उदगीरकडच्या खेड्यातून व्यंकट आणि चांगुणा कांबळे कामासाठी लातुरात आले. व्यंकट गवंडी. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या, साहेबांना घरं हवी होती. त्याच्या थापीला खळ नव्हता. चांगुणा त्याच्या हाताखाली घमेली उचलायची. सोबत व्यंकटची आई, धुरपताबाई. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण बोलणं कामापुरतंच.

पुढच्या साली पावसानं दगा दिला. वस्तीतली विहीर तळाला गेली. एका सकाळी वाकून पोहरा ओढताना चांगुणाच्या कमरेत काहीतरी लचकलं आणि कळ मांडीतून थेट टाचेपर्यंत गेली. बायकांनी धरून तिला घरी आणलं.

धुरपताबाईनं तेल चोळलं, विटेचा शेक दिला. उतार पडेना, तेव्हा तिनंच एका हाडवैद्याला बोलावलं. त्यानं चांगुणाला पालथं निजवून पाठीवर पाय दिला. त्यानंतर तिला कूसही बदलता येईना, डाव्या पायात मुंग्या सुरू झाल्या. सासू त्या दिवशी जेवली नाही.

व्यंकटनं हातगाडीवर गोधडी अंथरून बायकोला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचा पाय सरळ वर उचलून पाहिला, पायाचा अंगठा ताणायला लावला, पाठीचा एक्स-रे काढला. मग सांगितलं की मणक्यांच्या मधली गादी सरकलीय आणि पायाकडं जाणारी नस दाबली गेलीय. व्यंकट घाबरला. पाठीचं ऑपरेशन म्हणजे माणूस कायमचा लुळा, असं त्यानं कामावर ऐकलं होतं. सोबत आलेली धुरपताबाईच पुढं झाली.

"साहेब, चिरफाड न करता बरी व्हईल का माझी सून?"

"बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, आजी. आधी थोडे दिवस आराम, गोळ्या, कमरेला वजन लावून ताण. कळ कमी झाली की व्यायाम. पण पायातलं बळ गेलं किंवा लघवी अडली, तर घरी थांबायचं नाही. तेव्हा ऑपरेशनच करावं लागतं, आणि ते वेळेवर केलं तर माणूस चालतो."

आणि पाठीवर कुणाला पाय देऊ देऊ नका, असंही त्यांनी बजावलं. धुरपताबाईनं मान खाली घातली.

दवाखान्यात काही दिवस ताण लावून घरी आल्यावर चांगुणा फळीवर पडून असायची. तिला सगळ्यात जास्त टोचायचं ते रिकामं पडणं. सासू उन्हात पाण्याला जाते, भाकरी थापते, आणि आपण आढ्याकडं बघत बसायचं. गावाकडून आलेल्या एका नातलगानं तर व्यंकटला सरळ सुचवलं की हिला माहेरी पोचव, बरी झाली तर आण. चांगुणा भिंतीकडं तोंड करून ऐकत होती.

धुरपताबाई चुलीपुढून उठली. "बैल हाय का ती, लंगडला की सोडून द्यायला? हितंच राहील ती."

त्या दिवसापासून दोघी बोलू लागल्या. दवाखान्यात शिकवलेले व्यायाम सासूनं नीट ध्यानात ठेवले होते. सकाळी चांगुणानं टंगळमंगळ केली की ती शेजारी येऊन बसायची आणि पूर्ण झाल्याशिवाय चहा द्यायची नाही. मुंग्या हळूहळू टाचेकडून वर सरकल्या, मग विरल्या. चांगुणा आधी दारापर्यंत गेली, मग विहिरीपर्यंत. डॉक्टरांनी पुन्हा अंगठा ताणायला लावला आणि ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. मात्र वाकून ओझं उचलायचं नाही. म्हणजे घमेलं सुटलं.

मग करायचं काय? चुलीपुढं उकिडवं बसलं तरी कंबर भरून यायची. व्यंकटनं कामावरच्या तुटक्या विटा मागून आणल्या आणि कमरेइतका उंच ओटा बांधून त्यावर चूल घातली. उभ्यानं भाकरी करणारी बाई बघायला वस्ती लोटली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले कितीतरी कारकून बायका-पोरं मागं ठेवून आले होते. त्यातले एक शिवप्पा नावाचे, देगलूरकडचे, बांधकाम बघायला आले असताना व्यंकटच्या फडक्यातली भाकरी खाऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी डबा मिळेल का विचारू लागले. त्यांच्यामागून आणखी आले. काहींनी आडनाव विचारलं आणि पुन्हा फिरकले नाहीत. चांगुणाला ते लागलं, पण पुढच्या भाकऱ्या थापायच्या पडल्या होत्या. जे राहिले ते रोज आले.

वर्षभरात खानावळ उभी राहिली. चांगुणा भाकरी करायची, कालवणाला सासूचा हात. थंडीत कधीकधी कंबर धरते, तेव्हा चांगुणा सांगून पडून राहते. पहिल्यासारखी लाज वाटत नाही. धुरपताबाई तेवढा दिवस भाकऱ्यांनाही उभी राहते, आणि जेवायला आलेल्यांना आधीच सांगून टाकते की आज भाकरी जाड येणार, गुमान खायची.