धरणाचं पाणी समोरून चढतं

पोस्टिंग अंदमानात होतं. मी नाईक होतो, रामदास लान्स नाईक. मी शेळगावचा, तो भिगवणचा. त्याचं घर उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणारं, म्हणून सेक्शनमध्ये पाण्याचा जाणकार तोच, असं सगळे धरून चालत. समुद्र मात्र आम्ही दोघांनीही तिथेच पहिल्यांदा पाहिला.

एका आडबाजूच्या किनाऱ्यावर अनोळखी नाव लागल्याची खबर आली. आठ जणांनी जंगलातून चालत जायचं, रात्री किनाऱ्यावर मुक्काम, सकाळी नाव तपासून परत. पाठीवरचा पिट्ठू अठरा किलोचा. भिजल्यावर तो बराच जड झाला, पण तोलून पाहिलेला नाही, म्हणून आकडा देत नाही.

रात्रभर पाऊस होता. आम्ही पोंचो ओढून बसूनच झोपलो. रामदास मला म्हणाला, "नायकराव, एवढं पाणी तुमच्या पाटाला सुटलं असतं, तर तुमी भरतीच झाला नसता."

सकाळी ओहोटी होती. नाव समोरच्या वाळूच्या दांड्यावर रुतलेली दिसली. मधल्या चरात गुडघाभर पाणी. सेक्शन कमांडर हवालदार जाधव यांनी रामदासला वॉकीटॉकी देऊन पाठवलं. पाणी वाढायला लागलं की निघायचं, असं बजावलं.

रामदासने उजनीवरची रीत केली. दांड्याच्या समुद्राकडच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर एक काठी रोवली आणि कामाला लागला. नाव फुटकी होती, पण आत वाळूखाली काही दडवलंय का, हे उकरून बघणं भाग होतं. अधूनमधून तो काठीकडे बघत होता. पाणी काठीपाशीच होतं. धरणाचं पाणी समोरून चढतं. इथे ते त्याच्या पाठीमागच्या चरातून आलं. मोठ्या पावसात आम्हालाही ते उशिरा दिसलं.

हवालदारांनी त्याला परत बोलावलं, तेव्हा चर पन्नास मीटर रुंद झाला होता. आमचा दोर तीस मीटरचा. जंगलातलं पावसाचं पाणीही चरात उतरत होतं, त्यामुळे ओढ खुल्या समुद्राकडे होती.

"तैरके आता हूँ, ओव्हर," रामदास म्हणाला.

"निगेटिव्ह. नाव पर चढो. वहीं रुको," हवालदार म्हणाले आणि सेट माझ्या हातात दिला. "तुझ्या गावाकडचा आहे. त्याला बोलता ठेव."

तासाभरात दांडा दिसेनासा झाला. रुतलेल्या नावेवर उभा असलेला माणूस तेवढा दिसत होता. रेडिओवर हिंदीतच बोलायचं हा नियम. रामदासने तोपर्यंत तो पाळला होता.

"पाणी कमरेला आलंय," तो मराठीत म्हणाला.

"नाव हलतीय का?"

"न्हाय. रुतलीय."

"मग तूबी हलू नको."

नंतर तो म्हणाला, "छातीला लागलं, नायकराव. सुटू का?"

तो पट्टीचा पोहणारा होता. मी सुट म्हटलं असतं, तर तो सुटला असता. मी चराकडे पाहिलं. एक ओंडका आमच्यासमोरून गेला आणि बघता बघता लाटांपलीकडे दिसेनासा झाला.

"सुटू नको. हुकूम हाय."

पुढे बराच वेळ फक्त खरखर ऐकू येत होती. आठातले आम्ही सात जण पावसात उभे होतो. कोणी बसलं नाही.

मग सेट वाजला. "शर्टाचं दुसरं बटण उघडं पडलं."

"म्हंजे?"

"उतरतंय. ओव्हर."

हवालदार जाधव वाळूवर खाली बसले. त्यांना तसं बसलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

संध्याकाळच्या आत रामदास चालत आला, गुडघाभर पाण्यातून. आल्या आल्या चहा मागितला. वाट बघताना चहा करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आमची बदली उत्तरेत झाली. तिथे एका पेट्रोलवर लान्स नाईक रामदास कामी आला. मी त्या पेट्रोलवर नव्हतो.

आता मी शेळगावात डाळिंबं करतो. भिगवणला गेलो की त्याच्या वडिलांकडे जातो. आबा चिलापी माशांची जाळी विणत बसलेले असतात. उत्तरेतलं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मागच्या खेपेला मीच विषय काढत होतो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ती पाण्याची गोष्ट सांगा. तिच्यात त्यो माघारी येतोय."