शोभेचा व्हॉल्व्ह

धूळ पुसताना ॲम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह माझ्या हातात आला, आणि गाणं सुरूच राहिलं. ज्या काचेच्या नळीमुळे आवाजाला ऊब येते असं मी महिनाभर सगळ्यांना ऐकवलं, ती नुसती शोभेची. ती तापल्यासारखी दिसावी म्हणून खाली नारिंगी दिवा. आणि हा ॲम्प्लिफायर स्वस्तातला म्हणून मीच हौसेनं निवडलेला!

बाविसाव्या वर्षीही मी अशीच शहाणी होते. मला बघायला आले तेव्हा माझं गाणं ऐकताना ह्यांनी डोळे मिटले. केवढा रसिक, म्हणून बाईसाहेब भाळल्या! पुढे कळलं, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला डुलकी लागली होती.

"अहो, फसले मी," नळी ह्यांच्यापुढे धरत मी म्हणाले.

"आवाज तर येतोय ना?" हे म्हणाले.

येतोय, गोडही येतोय. तेच जास्त लागलं. खोटं उघडं पडल्यावर निदान गाणं तरी थांबायला हवं होतं.